माझ्या लेकीच्या नाळेतलं आयजीई

माझं स्वतःचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड, मी पहिल्यांदा मोजलं ते २०११ साली, डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा करून लॅबमध्ये लागले त्याच महिन्यात. नवीन किट आलं होतं, कंट्रोल बरोबर बसले होते, प्लेटमध्ये दोन वेल, म्हणजे सॅम्पल घालायचे खळगे, रिकामे होते. सोबतच्या ताई म्हणाल्या, "रोज सकाळी आल्या आल्या दहा-दहा शिंका देतेस, ये इकडे, तुझंच रक्त काढते." आकडा आला ८६०. मोठ्या माणसाचं साधारण १००च्या आत असतं. ताईंनी रिपोर्टकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे घेऊन तू फिरतेस कशी?"

फिरत होतेच. मी मूळची बार्शीची. घरी गोठा, दारात ज्वारीची कणसं वाळत पडलेली, त्या धुळीत वाढले तेव्हा काही झालं नाही. अठराव्या वर्षी शिकायला पुण्यात आले आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर, सप्टेंबरमध्ये, हॉस्टेलच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढून पांढरं फुललं तेव्हा रात्री छाती आवळायला लागली. उशीला टेकून बसायचं, खांदे वर उचलून श्वास ओढायचा. पुढं हातावर टोचून टेस्ट केली त्यात धुळीतले माइट्स, झुरळ आणि गाजरगवत असे तिन्ही ठिकाणी गांधी उठल्या. दमा ठरला. पंप आला. पंपावर मी छान राहिले, लग्न झालं, नोकरी चालू राहिली.

२०२२मध्ये दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात मी पंप बंद केला.

हे लिहितानासुद्धा हात थांबतो. मी लॅबमध्ये काम करणारी, औषधांची नावं तोंडपाठ असणारी बाई. पण घरी येणारं जो तो म्हणायचं, पंपात स्टेरॉइड असतं, बाळाला बाधेल. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "नऊ महिने कळ काढ की गं." सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण मी पंप ओढला की त्यांची नजर माझ्या पोटाकडं जायची. ती नजर मला सहन झाली नाही. पहिले काही आठवडे बरे गेले. गरोदरपणात दमा असलेल्या साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा कमी होतो, एक तृतीयांश बायकांचा वाढतो आणि उरलेल्यांचा आहे तसा राहतो. मला वाटलं, माझा कमी झालाय.

चोविसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता नवऱ्यानं मला रिक्षात घातलं. बोटाला लावलेल्या मशिनवर ऑक्सिजन ८९ दाखवत होता. नेब्युलायझर, नाकाला नळी, शिरेतून औषध. पहाटे बोलता यायला लागलं तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. म्हणाले, "पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते फुफ्फुसात जातं. बाळापर्यंत पोचतं ते नगण्य. तुमचा श्वास अडला की मात्र बाळाचा ऑक्सिजन लगेच कमी होतो. यातलं बाळाला काय बाधेल, तुम्हीच सांगा." पंपात ब्युडेसोनाइड होतं, गरोदर बायकांमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं. मी मान खाली घातली. त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत एकही वेळ चुकवली नाही.

या प्रकारामुळं मला नेहमीच्या नर्सिंग होममधून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि तिथंच बालरोग विभागात एमडी करणाऱ्या एक रेसिडेंट मॅडम भेटल्या. त्यांचा थिसिस होता आईची ॲलर्जी आणि नाळेच्या रक्तातलं आयजीई यावर. मराठीतलं संमतीपत्र हातात देऊन त्या म्हणाल्या, "ताई, बाळाला टोचायचं नाही. नाळ कापल्यावर वारेकडच्या भागातलं रक्त एरवी टाकूनच देतात, त्यातलं तीन मिली मला हवंय. आणि तुमचं थोडं." मी लगेच सही केली. आपल्याच कामातलं काहीतरी आपल्या बाळासाठी होतंय याचा मला खरंच आनंद झाला होता.

मग प्रश्नावली. पाऊण तास. घरात कुणाला दमा, शिंका, इसब, अंगावर पित्त? घरात कोण सिगारेट ओढतं? स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? माहेरी जनावरं होती का, गरोदरपणात गोठ्यात जाणं झालं का? यावर मी विचारलं, गोठ्याचं काय? तर म्हणाल्या, युरोपात पाच देशांत शेतकऱ्यांच्या घरातल्या आणि बाकीच्या बाळांची तुलना केली, तेव्हा गरोदरपणात गोठ्यात वावरलेल्या आयांच्या बाळांच्या नाळेत परागकणांविरुद्धचं आयजीई कमी दिसलं. मला बार्शीचा गोठा आठवला. आई गरोदरपणी शेण काढत होती असं ती अजून सांगते. तरी मला दमा झाला. मॅडम म्हणाल्या, एका घरावरून काही ठरत नाही, म्हणून तर शेकडो घरं मोजतात.

शौचाची तपासणीही सांगितली. ती का, हे मला न सांगता कळलं. पोटात जंत असले तरी आयजीई चढतं, अगदी हजारांत. मुळात हे प्रतिपिंड शरीरात असतं ते अशा परजीवींशी झुंजायला, असं आम्हाला शिकवलेलं. ॲलर्जीत तेच परागकणांवर आणि धुळीवर उठतं. त्वचेखालच्या, नाकातल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं, आणि ओळखीचा कण आला की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं. रक्तात ते इतकं कमी असतं की आयजीजी, आयजीए, आयजीएम ही दुसरी प्रतिपिंडं सापडून गेल्यावरही ते कितीतरी वर्षं हाती लागलं नव्हतं. १९६६-६७मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी वेगवेगळ्या वाटांनी ते शोधलं.

शेवटचा प्रश्न बाळाच्या बापाबद्दल. त्याला काही नाही, सर्दीसुद्धा वर्षातून एकदा. मॅडम लिहिता लिहिता सहज बोलून गेल्या, "नाळेतल्या आयजीईवर वडिलांपेक्षा आईच्या ॲलर्जीचा परिणाम जास्त दिसतो." त्यांच्या दृष्टीनं ते अभ्यासातलं एक वाक्य होतं. मी मात्र ते घरी घेऊन गेले. नंतर वाचलं की १९९२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना अकराव्या गुणसूत्राच्या एका भागात असं आढळलं होतं की ॲलर्जीची प्रवृत्ती आईकडून आली तरच तिचा त्या भागाशी मेळ लागतो, बापाकडून आली तर नाही. शिवाय नऊ महिने बाळ राहतं ते आईच्या पोटात. तिच्या शरीरातल्या घडामोडींचे निरोप वारेतून जातच असणार. गरोदरपणात शरीर बाळाला परकं समजू नये म्हणून थोडं नमतं घेतं, आणि ज्या बाजूला ते झुकतं ती बाजू ॲलर्जीच्या जवळची असते. हे सगळं वाचून रात्री मी कुशीवर पडून पोटावर हात ठेवायचे आणि मनात म्हणायचे, बाई गं, काय काय देतेय मी तुला.

लेक झाली ऑक्टोबरमध्ये, दुपारी. नॉर्मल. तिला माझ्या छातीवर ठेवलं, ओली, गरम, डोळे मिटलेले. आई बाहेर उभी होती, तिला आवाज ऐकू गेला. आणि त्या क्षणी, इतक्या वर्षांची सवय म्हणा, माझी नजर नळीवर गेली. लाल झाकणाची प्लेन ट्यूब. मॅडम स्वतः त्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात अडकल्या होत्या, रक्त घ्यायला त्यांनी एका इंटर्नला पाठवलं होतं. पद्धत अशी असते की नाळ सलाइनच्या बोळ्यानं पुसून घ्यायची, मग नाळेतल्या जाड शिरेत सुई घालून रक्त सिरिंजमध्ये ओढायचं. इंटर्न घाईत होता. त्यानं नाळेचं कापलेलं टोक नळीच्या तोंडावर धरलं आणि दोन बोटांनी वरून खाली पिळलं. रक्त नळीत उतरलं. नाळेच्या बाहेरून ओघळणारं माझं रक्तही, थोडंसं, काठावरून आत गेलं. मी पाहिलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर उघडता आलं असतं, पण छातीवर ती होती आणि तिनं तेवढ्यात पहिल्यांदा डोळे किलकिले केले. नळी गेली.

नवव्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज जपून. "ताई, बाळाचं आयजीई ११.९ आलंय."

नवजात बाळाचं आयजीई एकाच्याही खाली असतं. बहुतेकांचं अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. आमच्या लॅबच्या मशिनवर तर एवढा छोटा आकडा नीट येतही नाही, जास्त संवेदनशील किट लागतं. जुन्या अभ्यासांत ०.९ ही रेघ धरायचे, त्याच्या वर म्हणजे पुढं ॲलर्जीचा धोका. ११.९ कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा खोलीत शेक-शेगडी, शेपा-ओव्याचा वास, पाळण्यात ती. आईनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं कुणालाच नाही हो असलं काही." दुखवायचं म्हणून नाही म्हणाल्या. भीतीनं तोंडातून निघून गेलं. पण ते ऐकलं आणि माझं दूध त्या दिवशी आटल्यासारखंच झालं. लेक ओढत राहिली आणि रडत राहिली.

रात्री जागच होते. डीएमएलटीच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट सारखी डोळ्यांपुढं येत होती. १९२१ साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाऊमध्ये, क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला माशाची ॲलर्जी होती. त्याचं सिरम त्याच्या सहकाऱ्यानं, प्राउस्निट्झनं, स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झला मासे खुशाल चालायचे, पण त्या जागी गांध उठली. म्हणजे एकाच्या रक्तातलं काहीतरी दुसऱ्याच्या अंगात जाऊन काम करू शकतं. शिकताना ही गोष्ट किती सुंदर वाटली होती! आता पाळण्याकडं बघत मी विचार करत होते, माझं सिरम तिच्यात उतरलं असेल तर?

पहाटेकडं डोकं थोडं ठिकाणावर आलं आणि शिकलेलं आठवायला लागलं. वार सगळ्यांनाच वाट देत नाही. आयजीजीला ती स्वतः हात धरून पलीकडं नेते. त्यासाठी वारेच्या पेशींत खास वाहक असतो, आणि शेवटच्या महिन्यांत ही वाहतूक एवढी वाढते की दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तातलं आयजीजी आईच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्तच भरतं. गरोदरपणी आपल्याकडं दंडावर टीडीचं इंजेक्शन देतात त्याचं कारण हेच. धनुर्वाताविरुद्धचं आयजीजी आई तयार करते आणि नाळ कापली जाते त्या घडीला बाळाच्या रक्तात ते आधीच हजर असतं. आयजीएमला, आयजीएला ही वाट नाही. आयजीईलाही नाही, निदान मोजण्यासारखी नाही. बाळाच्या रक्तातलं आयजीई हे बाळानं स्वतः केलेलं असतं. अकराव्या आठवड्यापासूनच गर्भाच्या यकृतात आणि फुफ्फुसात ते बनवायची ताकद येते, पण बनवतं ते फार थोडं.

मग माझ्या नवव्या दिवसाच्या बाळानं ११.९ एवढं कशाला बनवलं असेल? तिनं तर अजून धूळ पाहिली नव्हती.

तेव्हा नळीचा काठ डोळ्यांसमोर आला. ओघळणारा लाल धागा.

सकाळी सात वाजता मी मॅडमना फोन केला. बाळंतीण बाई सकाळी सातला फोन करते म्हणून त्या घाबरल्याच. मी विचारलं, "मॅडम, नाळेच्या सॅम्पलवर आयजीए लावलंय का?" दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही लॅबमध्ये आहात नाही का. लावायचंय. सगळी सॅम्पल जमली की एकाच प्लेटवर लावणार आहे." यात चूक काही नाही. ९६ वेलची प्लेट असते, एका सॅम्पलसाठी किट फोडत नाहीत. पण त्यासाठी मला तीन आठवडे थांबावं लागलं, आणि आकडा मात्र मला आधीच कळलेला होता. मला अजूनही मनापासून वाटतं की ही दुसरी तपासणी होईपर्यंत पहिला आकडा आईला सांगूच नये. मॅडमना मी हे नंतर सांगितलं, त्यांनी ते ऐकलं आणि पुढच्या आयांच्या बाबतीत पाळलं.

आयजीए का, तेही सांगते. नवजात बाळाच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतंच. आईच्या रक्तात भरपूर असतं. नाळेच्या नळीत आयजीए सापडलं तर ते आईचं, म्हणजे नळीत आईचं रक्त मिसळलंय. अभ्यासात मर्यादा धरतात मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमची. माझ्या लेकीच्या नळीत निघालं २५.

मॅडमनी माझेही आकडे दिले. रिपोर्टच्या लखोट्याच्या पाठीवर मी गणित मांडलं, पाळणा एका हातानं हलवत. माझं आयजीई त्या वेळी १,१४०. त्याचा शंभरावा हिस्सा ११.४. माझं आयजीए मिलिलिटरला २,४०० मायक्रोग्रॅम, त्याचा शंभरावा हिस्सा २४. नळीत काय होतं? ११.९ आणि २५. दोन्हीकडं शंभरात एक भाग मी, आणि वर उरलेलं चिमूटभर तिचं. आयजीई ०.५, एवढंच. तीन मिलीच्या नळीत शंभरावा भाग म्हणजे ३० मायक्रोलिटर. रोज पिपेटनं ३० मायक्रोलिटर मी कितीदा उचलते, पिवळ्या टिपच्या टोकाशी जेमतेम दिसतं. रक्ताचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे थेंबही पुरा नव्हता. ज्या आईचं आयजीई ५० असतं तिचं एवढं रक्त मिसळून आकडा फक्त ०.५नं वाढला असता, कुणाला शंकाही आली नसती. माझ्यासारखीचं मिसळलं की नळी पेटते. म्हणजे ज्या आयांना ॲलर्जी जास्त, त्यांच्याच बाळांचे आकडे या चुकीनं सगळ्यांत जास्त फुगणार, आणि आईमुळं बाळाचं आयजीई वाढतं हे अनुमान त्यातून आणखी पक्कं होत जाणार. तो लखोटा मी अजून ठेवलाय.

ही शंका माझ्या एकटीची नाही हे मला पुढं कळलं. कोपनहेगनमध्ये दमा असलेल्या आयांच्या ४११ बाळांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आहे. त्या मंडळींनी २००८ साली लिहिलं की नाळेच्या रक्तात माइट्स, परागकण वगैरेंविरुद्धचं जे आयजीई सापडलं ते आईच्याच आयजीईशी जुळणारं होतं आणि सहा महिन्यांनी बाळांच्या रक्तात त्याचा मागमूस नव्हता. बाळाचं स्वतःचं असतं तर राहिलं असतं. आयजीईचं रक्तातलं आयुष्य फार थोडं, दोनेक दिवसांत निम्मं होतं. कधी नळीत मिसळतं, कधी कळांच्या वेळी वारेतून थोडं रक्त झिरपूनही बाळात जातं. विषय संपला असंही नाही. २०२०मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की आयजीजीचाच वाहक थोडं आयजीईही पलीकडं नेतो आणि ते पिल्लाच्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. हे वाचून मी पुन्हा दोन दिवस गप्प होते. मग स्वतःला बजावलं की आपल्या घरात उंदीर नाही, लेक आहे.

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा मॅडमनी माझ्या विनंतीवरून लेकीचं रक्त घेतलं, या वेळी स्वतः, हाताच्या शिरेतून. ती कळवळून रडली आणि मी तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी होते. आकडा ०.६. सासूबाईंना दाखवला. त्यांना आकड्यातलं काही कळत नाही, पण त्या कागद हातात घेऊन देवघरात गेल्या आणि बाहेर आल्यावर माझ्या पंपाचा डबा, जो मी त्यांच्या नजरेआड कपाटात ठेवायचे, तो उचलून त्यांनी टीव्हीशेजारी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला. तिथंच असतो तो अजून.

०.६ म्हणजे सुटलो असंही नाही, हे मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं. नाळेतलं आयजीई कमी निघालेल्या कितीतरी मुलांना पुढं ॲलर्जी होते आणि जास्त निघालेल्या कितीतरींना होत नाही, म्हणून भाकीत म्हणून ही तपासणी हल्ली कुणी सुचवत नाही. झालंही तसंच. तिसऱ्या महिन्यात, जानेवारीच्या कोरड्या थंडीत, लेकीचे गाल लाल झाले. आधी वाटलं थंडीनं उललेत. मग कोपरांच्या बाहेरच्या बाजूला चट्टे उठले, ती रात्री गाल माझ्या खांद्याला घासायला लागली. बालरोगतज्ज्ञांनी पाहून सांगितलं, एक्झिमा, सौम्य आहे. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत आटपायची, अंग टिपून ओलसर असतानाच जाड मॉइश्चरायझर, आणि चट्ट्यांवर हलकं मलम आठवडाभर. डाळीच्या पिठानं चोळणं बंद. आईला ते फार लागलं, तिनं आम्हा तिन्ही भावंडांना चोळून चोळून वाढवलं होतं. पण तिनं ऐकलं.

आणि मग शेंगदाण्याचा प्रश्न आला. आमच्या बार्शीकडं शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही. भाजीत कूट, आमटीत कूट, उपासाला दाणे, आणि जेवताना शेंगाचटणी. मी बाळंतपणातही चटणी खात होते. लोक म्हणायचे, दूध पितंय बाळ, दाणे-अंडी सोड. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आईनं अन्न सोडल्यानं बाळाची ॲलर्जी टळते असं काही दिसलेलं नाही, तू पोटभर जेव. एक काळ होता, २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं ॲलर्जीच्या घरातल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका, आईनंही टाळा, असा सल्ला दिला होता. २००८मध्ये तो मागं घेतला. २०१५ साली लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटानं तर उलटंच दाखवलं. जास्त एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना शेंगदाणे नियमित दिले, निम्म्यांना अजिबात नाही. मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली होती, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. लेकीचा एक्झिमा सौम्य, म्हणून टेस्ट न करता घरीच सुरू करा, सकाळी, ती ठणठणीत असताना, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. अख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हाती कधीच नाही, घशात अडकतो.

एप्रिलमध्ये उष्टावण झालं, भातावर, रीतसर, चांदीच्या चमच्यानं. त्यानंतर दहा दिवसांनी रविवारी सकाळी आईनं मूठभर दाणे मंद आचेवर भाजले, साली पाखडल्या, मिक्सरमधून इतके बारीक वाटले की तेल सुटलं. मी त्यातलं चमच्याच्या टोकावर घेतलं, गरम पाण्यात कालवून पातळ केलं. पहिलं बोट तिच्या ओठांना लावलं. दहा मिनिटं थांबलो. नवरा घड्याळ बघत होता, सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. ओठ सुजले नाहीत, अंगावर काही उठलं नाही. मग बाकीचं दिलं. तिनं जीभ बाहेर काढली, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा तोंड उघडलं. दोन तास तिला कुणी खाली ठेवलं नाही. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा.

थिसिस पूर्ण झाल्यावर मॅडमनी मला एक प्रत बघायला दिली. शेवटी सगळ्या बाळांचा मोठा तक्ता होता, नावं नाहीत, फक्त क्रमांक. माझ्या लेकीचा क्रमांक मला ठाऊक होता. तिच्या ओळीपुढं लिहिलं होतं, वगळलं, आईच्या रक्ताची सरमिसळ. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले.

लेक दोन वर्षांची झाली त्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आता त्या दुसऱ्या गावी असतात. म्हणाल्या, "तिला अभ्यासातून वगळलं खरं, पण मला कळायला हवं होतं कशी आहे." मी सांगितलं. एक्झिमा हिवाळ्यात येतो, उन्हाळ्यात जातो. सर्दी झाली की छातीत घुरघुर होते, दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला. पुढं काय होईल ते दिसेल. माझा पंप चालू आहे, रोज. "आणि शेंगदाणे?" त्यांनी विचारलं.

बार्शीहून आईनं चटणीचा डबा पाठवला होता, लेकीसाठी तिखट न घातलेली वेगळी पुडी बांधून. ती जमिनीवर बसून भाकरीचा मऊ तुकडा दही-चटणीत बुडवत होती, गालाला, हाताला, फ्रॉकला सगळीकडं चटणी. मी फोन तिच्या तोंडाजवळ धरला.